भावकीला विमा नसतो

माझ्या लग्नाचा विमा मी स्वतः काढला. असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, लग्नाचाही असतो का? असतो. गाडीचा असतो, म्हशीचा असतो, तसा लग्नाचाही असतो. म्हशीचा निदान म्हैस मेली की मिळतो.

मी बिरवाडीत खोली घेऊन राहते आणि जवळच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर नमुने तपासायचे आणि कुठे काय बिघडू शकतं ते आधीच शोधायचं, हे माझं काम. घरच्यांच्या मते ही माझी खोड. लग्नाचं वय कधीच उलटून गेलं होतं. एकदा सुपारी फुटून मोडलं होतं, आणि त्यानंतर येणारी माणसं मला बघायला कमी आणि पहिलं का मोडलं ते विचारायला जास्त येत. हा मुलगा तसा नव्हता. महाडजवळच्या गावातला, जहाजावर नोकरीला, बोलायला शांत. पहिल्या स्थळाबद्दल त्याने एक शब्द विचारला नाही. मला तो आवडला होता. हे सरळ लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात एवढी एक गोष्ट कोणाच्या लक्षातच राहिली नाही.

त्याला जूनच्या आधी जहाजावर हजर व्हायचं होतं, म्हणून लग्न मेअखेरीस ठरलं, आणि तेही वर कुडपणला, माझ्या गावी, आमच्या दारात. मी महाडचा हॉल सुचवून पाहिला. बाबा म्हणाले, "हॉलात काय, कोनाचं पन लगीन लागतं. पोरीचं दारात व्हायला पायजे." मेमध्ये आमच्या पठारावर वळवाचा पाऊस आला की मांडव उडतो, वीज जाते, घाटात झाड आडवं पडतं. मला रात्री तेच दिसायला लागलं. या वेळी मोडलं तर पुन्हा कोणी उंबरठा चढणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी महाडला गेले.

डेपोमागच्या गल्लीत एका विमा एजंटचं ऑफिस आहे. तो गृहस्थ फारच उत्साही. "मॅडम, इकडे लग्नाचा विमा मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच," म्हणाला आणि माझ्यासाठी चहा मागवला. वादळ, आग, दागिन्यांची चोरी, जेवणातून विषबाधा, सगळं त्याने न अडखळता सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि जवळचं माणूस गेलं नि लग्न थांबलं, तर तेही यात येतं. जवळची माणसं कोण?" मी आई, बाबा आणि भावाचं नाव सांगितलं. परत येताना मला इतकं हलकं वाटलं की मी बाजारातून हिरव्या बांगड्या घेतल्या.

घरी मात्र आरती ओवाळली गेली. बाबा म्हणाले, "घरात मंगल कार्य, आन् तू आमी मेल्यावर काय मिलंल ते इचारून आलीस गो?"

आमची अख्खी वाडी एका भावकीची. सगळी घरं एकाच मूळ पुरुषाची, त्यामुळे कोणत्याही घरात माणूस गेलं की सुतक साऱ्या वाडीला, आणि सुतकात लग्न लागत नाही. त्याला एकच सूट आहे. लग्नाआधी घरात देवक बसवतात, ते एकदा बसलं की मग मागून कोणी गेलं तरी सुतक आड येत नाही. एजंटसमोर मला यातलं काहीच सुचलं नाही. पाऊस हा धोका वाटतो. सुतक धोका वाटत नाही, ते असतंच.

लग्नाच्या आदल्या दिवशी देवक सकाळीच बसायचं होतं. भटजी आले होते, पाट मांडला होता. पण भावकीतली कर्ती माणसं सगळी मुंबईला, आणि त्यांची बस माणगावच्या कोंडीत अडकलेली. भटजी म्हणाले, घरची माणसं आहेत तेवढ्यांत उरकू. बाबा ऐकेनात. "भावकी नाय आन् देवक कसलं? येऊ देत त्यांना." मीही म्हटलं, बाबा, बसवून घ्या ना. तर म्हणाले, "तुला कारखान्यातलं कलतं. ह्यातलं नाय."

दुपार कलली तेव्हा शेवटच्या घरातली काकू मांडवाच्या कडेला येऊन उभी राहिली. पदराचं टोक तोंडात धरलेलं. तिचे सासरे, बाबांचे चुलत चुलते, जेवून आडवे झाले होते ते उठलेच नव्हते. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला कळलं. परत जा, असं मी मनातल्या मनात तिला म्हटलं. दोन तासांनी ये. मला त्याची आजही लाज वाटत नाही. आईने तर उघडच म्हटलं, "अजून कोनाला बोलू नकोस गो बाय. देवक बसू दे, मग रड." पण बाबांनी ऐकलं होतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पाटाजवळून उठले. "ऐकलं ते ऐकलं," म्हणाले. बस आली ती लग्नाची माणसं घेऊन, आणि खाली उतरली ती मयताची.

त्या रात्री नवऱ्या मुलाचा फोन आला. आपण महाडला देवळात साधंसं लावून घेऊ, म्हणाला. मी लगेच हो म्हटलं. बाबांना सांगितलं तर ते रागावले नाहीत, आणि तेच वाईट झालं. "जा तू. मी आडवनार नाय. पन उद्या मी गेलो का मला खांदा ह्याच मानसांनी द्यायचा हाय." तरी मी पिशवी भरली होती. सकाळी त्याचा पुन्हा फोन आला, आवाज पडलेला. सुतकातली मुलगी घरात कशी घेऊ, असं त्याची आई म्हणत होती. चार दिवसांनी तो जहाजावर गेला.

एजंटला मी फोन केला तो भरपाईसाठी कमी, कोणावर तरी ओरडायला जास्त. "मयत तुमचे कोण?" त्याने विचारलं. मी नातं सांगितलं, ते त्याला दोनदा समजावून द्यावं लागलं. बिचारा खरंच हळहळला. "मॅडम, ते जवळचे धरत नाहीत. आणि मांडव शाबूत, वधू-वर धडधाकट. कंपनीच्या लेखी लग्न तुम्ही आपणहून रद्द केलं." आपणहून! मी फोन ठेवला आणि नळ सोडून मोरीत बसून रडले. खोलीच्या भिंती पातळ आहेत.

दिवाळी झाल्यावर त्याच्या आईचा फोन आला. बोलायला गोड बाई. तो पुढच्या मेमध्ये सुट्टीवर येतोय, त्याच्या मनात अजून तूच आहेस, म्हणाल्या. माझ्या हातातली काचेची नळी मी खाली ठेवली. "फक्त आता पुन्हा तसं नको," त्या म्हणाल्या. "तुमच्या भावकीत म्हातारं, आजारी असं कोण कोण आहे, तेवढं सांग. त्याप्रमाणे ठरवू."

मी वाडी डोळ्यांसमोर आणली. तरणी पोरं मुंबईला, सुना मुंबईला, नातवंडं तिथल्याच शाळांत. एकेका दारात जो कोणी बसलेला दिसला तो काठी घेऊन किंवा खोकत. कोणाचं नाव घेऊ आणि कोणाचं गाळू?

"सगळीच," मी म्हटलं.

मग "बरं, कळवते" म्हणाल्या. त्यांनी कळवलं नाही, आणि कळवणार नाहीत हे मला तेव्हाच समजलं.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. त्या बाईंचा मला फोन आल्याचं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. "काय म्हनत व्हत्या गो त्या?"

"तुमची तब्येत विचारत होत्या."

बाबांना बरं वाटलं, आवाजातच कळलं. "सांगायचं का नाय," ते म्हणाले, "एकदम ठनठनीत हाय म्हनून."