ओळंब्याने बांधलेला उतार

गवंड्याचा ठेकेदार झालेल्या या माणसाला सगळे ‘ओळंबा’ म्हणत, भिंतीचा सरळपणा बघायच्या वजनाच्या दोरीवरून. भिंत सरळ, बोलणं त्याहून सरळ, आणि स्वभाव मोडेन पण वाकणार नाही असा.

बत्तीस वर्षं बांधकामात गेली, पण कोर्टाची पायरी चढायची वेळ आली नव्हती. ती डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यापायी आली. दारापुढचा चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार इतका उभा झाला की रोगी वर जाण्याऐवजी मागेच यायचा. बाई म्हणत, काम कराराप्रमाणे नाही. हा म्हणे, लांबी नकाशात आहे तेवढीच आहे, टेप लावून बघा. दोन वकील, दोन नोटिसा. मधल्या मध्ये हाल झाले ओळंब्याच्या आईचे. तिचे गुडघे बारा वर्षं याच बाईंच्या हातात होते. लेकाला कोर्टात खेचणारीचं औषध नको, म्हणून म्हातारी घरात बसली आणि दोन महिन्यांत चाकाच्या खुर्चीवर आली.

करारात कलम होतं, कोर्टाआधी मध्यस्थापुढे बसायचं. मध्यस्थ म्हणून आल्या त्या एक निवृत्त इंजिनिअर बाई. बोलायला कमी, ऐकायला पक्क्या. त्यांनी दवाखान्यातच बैठक घेतली आणि आधी एकेकाला वेगळं गाठलं. इथलं बोलणं तुमच्या परवानगीवाचून दुसऱ्याच्या कानावर जाणार नाही, म्हणाल्या.

ओळंब्याने त्यांना मीटरच्या पेटीमागे नेलं. तिथे भिंतीला गिलावा नव्हता आणि फरशीची उंची ठरवणाऱ्या दोन रेघा तशाच राहिल्या होत्या. खालची याने दोरीने मारलेली. वीतभर वरची डॉक्टरीणबाईंच्या पेनाची. रस्त्याचं पाणी आत येईल म्हणून त्यांनीच फरशी उचलायला लावली होती, तोंडी. हा होता त्याचा हुकमाचा एक्का. इंजिनिअर बाईंनी रेघ नीट पाहिली आणि विचारलं, “फरशी वर गेली की उतार लांब लागतो. तुम्हाला कळलं नव्हतं?”

कळलं होतं. त्याच दिवशी कळलं होतं. पण नकाशा आपला नाही, विचारलं नाही तर सांगा कशाला, म्हणून तो गप्प बसला होता. बायकोलाही न सांगितलेलं हे त्याने त्यांच्यापाशी कबूल केलं.

मग तिघं समोरासमोर बसली. इंजिनिअर बाईंनी ते गुपित फोडलं असतं तर हा ताडकन उठून वकिलाकडे गेला असता. त्या अवाक्षर बोलल्या नाहीत, नुसत्या थांबल्या. त्या थांबण्याचे उपकार तो आजही मानतो.

“वरची रेघ तुमची, डॉक्टर,” शेवटी तोच म्हणाला. “पण उतार आखूड पडणार हे मला ठाऊक होतं. मी बोललो नाही.”

डॉक्टरीणबाई पेटीमागे जाऊन रेघ बघून आल्या. “आणि मी ती मारून विसरले,” त्या म्हणाल्या.

उतार भिंतीलगत वळवून दुप्पट लांब करायचा ठरला. सामान त्यांचं, मजुरी याची. सह्या त्याच दुपारी झाल्या.

काम पक्कं झाल्यावर तो आईला घेऊन गेला. खुर्ची ढकलायला लागला, तर म्हातारीने त्याचा हात झटकला आणि स्वतः चाकं फिरवत निघाली. वळणावर दम खात म्हणाली, “एवढं तोंड आधी उघडलं असतंस, तर मी चालत आले असते.”

ते त्याला लागलं. पण वर दारात डॉक्टरीणबाई हात पुढे करून उभ्या होत्या, आणि म्हातारीने तो हात धरला. ओळंब्याला रडू आलं. त्याने ते लपवलं नाही.