प्रमूच्या अंगठ्याच्या नानकटाया

यमुनाबाईंना एक गोष्ट कधी शिकवावी लागली नाही, ती म्हणजे देऊन टाकणं. बिडकीनला वैजनाथ पटवाऱ्यांच्या घरात त्या एकट्याच वाढल्या. ना भाऊ, ना बहीण. गावातल्या बायका गालाला चिमटा काढून म्हणायच्या, "एकुलती एक व्हय? मंग लई लाडावली असंल!" हे ऐकून ऐकून पोरीनं मनाशी गाठ मारली, की आपण लाडावलेली नाही हे जगाला दाखवायचंच. मग काय, चिंचोके दिले, बाहुली दिली. नवा खणाचा परकर चुलतबहिणीला घटकाभर घालायला दिला, तो पुन्हा मागितलाच नाही. लोक म्हणाले, किती गुणाची! आणि ही गुणाची पोर धान्याच्या कणगीमागं बसून परकरासाठी रडून आली.

लग्न होऊन त्या औरंगाबादेत, गुलमंडीजवळ राहायला आल्या. नवरा श्रीधरपंत कचेरीत कारकून. दिवसभर उर्दूत लिहायचे आणि घरी येऊन मराठीत कुरकुरायचे. मुलगी झाली, तिचं नाव प्रमोदिनी ठेवलं. त्यानंतर पाळणा काही हलला नाही, आणि तेच जुनं वाक्य आता लेकीच्या वाट्याला आलं. हळदीकुंकवाला गेलं की कुणीतरी विचारणारच, "एवढी एकच का?" की लगेच यमुनाबाई प्रमूच्या हातातलं खेळणं काढून शेजारच्या पोराला देणार. प्रमू मात्र भोकाड पसरायची. ही आपल्यासारखी समजूतदार कधी होणार, याची यमुनाबाईंना मोठी काळजी.

प्रमू पाच वर्षांची झाली त्या दिवाळीला त्यांनी तिला नानकटाई करायला सोबत घेतलं. घरात दुसरं लेकरू नाही, तेव्हा खेळगडीही आईच. परातीत तूप फेसता फेसता प्रमूच्या नाकालाही तूप लागलं. मग पिठीसाखर, मैदा, मूठभर रवा, वेलदोड्याची पूड. यमुनाबाई गोळे वळत होत्या आणि प्रमू ते चपटे करून पत्र्यावर मांडत होती.

त्या काळी घरात भट्टी कुठली? सगळ्या गल्लीचे पत्रे नूरमोहम्मदच्या भट्टीवर जायचे. अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक घराची खूण वेगळी. कुणी वर लवंग खोचायचं, कुणी सुरीनं फुली मारायचं. यमुनाबाईंच्या घरची खूण चारोळीची. पण वाटीत हात घातला तर चारोळी एकही नाही आणि प्रमूचे गाल फुगलेले. आता खूण कशाची करायची? प्रमूनं अंगठा पुढं केला. जीभ बाहेर काढून, श्वास रोखून तिनं एकेका नानकटाईच्या मधोमध अंगठा दाबला, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. सासूबाईंना भट्टीतलं चालत नसे, वास तेवढा चालायचा. त्याही सोवळ्यात लांबून बघत होत्या आणि हसत होत्या.

यमुनाबाई प्रमूला घेऊन पत्रा आणायला गेल्या, तर भट्टीवर त्या दिवशी ही गर्दी. नूरमोहम्मदनं लांब दांड्याच्या फावड्यानं दोन पत्रे लागोपाठ बाहेर ओढले आणि निवल्यावर पुढं मांडले. एकातल्या नानकटाया तूप जास्त झाल्यानं पसरून कडेनं काळ्या पडलेल्या. दुसऱ्यातल्या बदामी, गोल, जिथल्या तिथं. आणि नेमकी दोन्हीकडं अंगठ्याचीच खूण!

काकासाहेब वकिलांच्या चतुराबाई पुढं झाल्या. बाई वाईट नव्हत्या, पण चांगली वस्तू आपलीच असते असा त्यांचा जन्माचा समज. बदामी पत्र्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हा आमचा. आमच्याकडं अंगठाच दाबतात."

नूरमोहम्मद घाम पुसत यमुनाबाईंकडं वळला. "बाई, बोलो ना. ये पत्रा किसका? पीछे लाइन लगरी."

यमुनाबाईंना ठाऊक होतं, पत्रा आपला आहे. पण इतक्या वर्षांची सवय जिभेवर बसलेली. "राहू द्या," त्या म्हणाल्या, "तुम्हीच घेऊन जा."

"माझ्या हायेत!" प्रमू ओरडली. रडली मात्र नाही. पुढं घुसली आणि एका नानकटाईच्या खळग्यात तिनं आपला अंगठा ठेवला. बरोबर बसला. दुसरीत ठेवला, तिसरीत ठेवला. मग मान वर करून चतुराबाईंना म्हणाली, "आता तुमचा ठेवा."

चतुराबाईंनी हसत हसत अंगठा टेकवला. त्या कोवळ्या नानकटाईला तो भारी अंगठा कसा सोसणार? तिचे तुकडे झाले. भट्टीवरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले आणि नूरमोहम्मद तर भट्टीकडं तोंड करून खांदे हलवत हसला. प्रमूनं ते तुकडे गोळा केले आणि चतुराबाईंच्या हातावर ठेवले. "ही तुम्ही मोडली. ही तुम्ही खावा."

यमुनाबाई तिला मागं ओढायला पुढं झाल्या. मग त्यांनी लेकीकडं पाहिलं. तूप लागलेलं नाक, दोन्ही हात पत्र्याच्या कडेला घट्ट. त्या वयात आपण परकर का नाही मागितला? मागितला असता तर कुणी खाल्लं असतं का आपल्याला? ही पोर हावरट नव्हती, लाडावलेलीही नव्हती. स्वतः केलेलं स्वतःचं म्हणत होती, एवढंच. यमुनाबाईंचा ऊर अभिमानानं असा भरून आला की डोळ्यांत पाणी आलं.

चतुराबाई तुकडा तोंडात टाकत म्हणाल्या, "लई हट्टी हाय हो पोर. एकुलती एक ना, दुसरं काय!"

आजवर हे शब्द ऐकले की यमुनाबाईंची मान खाली जायची. त्यांनी पत्रा उचलला, कमरेवर घेतला आणि सगळ्या भट्टीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "व्हय, एकुलती एक हाय. आन् तिची आईबी."