पंखा फिरतोय हे मला कसं कळावं

पुण्याहून निघताना मी दोन्ही कानांतली मशीनं काढून डबीत ठेवली, डबी पर्समध्ये टाकली आणि गाडी सुरू केली. ही मशीनं समोरच्याचं बोलणं ऐकायला बरी, पण इंजिनाची घरघर अशी काही कानात ओततात की डोकं उठतं. त्यामुळे गाडी चालवताना मी ठार बहिरी असते, आणि खरं सांगायचं तर मला ते मनापासून आवडतं. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांची म्हणे फार चिडचिड होते. होवो बापडी. मला आरसे आहेत.

या खेपेला मात्र प्रवासाला एक अट चिकटलेली होती. गेल्या वर्षी लोणावळ्याच्या वाटेवर रेडिएटरचा पंखा बंद पडला, मला कळलं नाही आणि इंजिन भाजून निघालं. डोळस माणसाने तापमानाच्या काट्याकडे बघायला हवं होतं हे मान्य. पण इतरांना पंख्याचा आवाज थांबल्याचं आपोआप कळतं, मला नाही. तेव्हापासून घरातलं कोणी माझ्या गाडीत बसत नाही. माझा मुलगा निखिल सांगलीत हळदीच्या पेढीवर काम करतो. त्याने गाडीला गिऱ्हाईकच बघून ठेवलं होतं. ‘‘सांगलीपर्यंत गाडी घेऊन ये,’’ तो म्हणाला, ‘‘वाटेत एकदा जरी तापली, तर ती इथे राहील आणि तू बसने परत जाशील.’’ पैज म्हटली की मला चेव येतो. मी हो म्हणून बसले. बसमध्ये कंडक्टर काय म्हणाला, पुढचा थांबा कुठला, हे दर वेळी शेजारणीला विचारत बसायचं, ही कल्पनाच मला नकोशी होती.

शिरवळला चहा घेतला. कंपन्यांच्या बसगाड्या रांगेने उभ्या होत्या आणि पहिल्या पाळीची पोरं-पोरी वडापाव तोंडात धरून पळत होती. थंडीचे दिवस, आभाळ स्वच्छ, काटा जागेवर. मोठ्या रुबाबात मी खंबाटकी घाटाला लागले. निम्म्या चढावर पुढची मालवाहू गाडी मुंगीच्या चालीने चालायला लागली आणि काटा वर सरकू लागला. मी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं. पंखा ढिम्म. पैज मी घाटातच हरले होते!

इंजिन निवल्यावर सावकाश साताऱ्यापर्यंत आले. तिथल्या गॅरेजवाल्याने सांगितलं की पाणी तापल्यावर पंखा चालू करणारा जो स्विच रेडिएटरला असतो, तो मेलाय, आणि इतक्या जुन्या गाडीचा स्विच त्याच्याकडे नाही. त्याने डॅशबोर्डखाली एक हाताने दाबायचं बटण बसवलं आणि त्याच्याशेजारी लाल दिवा. ‘‘सुई अर्ध्याच्या वर गेली की बटण दाबायचं. दिवा लागला म्हणजे पंखा चालू,’’ तो म्हणाला. मी लगेच बटण दाबून पाहिलं. दिवा लागला, पंखा फिरला. मला इतका आनंद झाला की पेढ्यांचा पुडा निखिलसाठी घेतला होता, तो गाडीतच फोडला.

कराडवरून आत वळून कोयनानगरला मुक्काम केला. माझे वडील धरणाच्या प्रकल्पावर होते, माझं लहानपण तिथल्या वसाहतीत गेलं. माझी शाळेतली मैत्रीण शैला अजून तिथेच राहते. पाटणच्या पुढे रस्ता वळणं घेत चढू लागला तशी मी बटण दाबलं. दिवा लागला आणि काटा आज्ञाधारक मुलासारखा खाली आला. शैलाने नाचणीची भाकरी आणि झणझणीत पिठलं वाढलं. सकाळी आम्ही चहा पीत बसलो होतो, तेवढ्यात माझ्या तळपायांना बारीकशी थरथर जाणवली. मी म्हटलं, ‘‘आला बघ धक्का.’’ मग कपाटातल्या कपबश्या हलल्या आणि शैला म्हणाली, ‘‘आला की गं! तुला माझ्या आधी कसं कळलं?’’ आम्ही दोघी हसलो आणि तिने मला आणखी चहा ओतला. तिथे भूकंपाच्या असल्या बारक्या धक्क्यांचं कुणाला काही वाटत नाही.

त्या दिवशी दुपारी कराड सोडून सांगलीकडे निघाले आणि कासेगावच्या पुढे उसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकले. गळिताचा हंगाम ऐन भरात. ज्यांनी हे दृश्य पाहिलं नसेल त्यांना सांगते : एका ट्रॅक्टरमागे उसाने शीगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या, आणि ड्रायव्हरच्या पाठीमागे घराच्या भिंतीसारखे रचलेले स्पीकर. मला आवाज येत नव्हता, पण गाण्याचा ठोका स्टिअरिंगमधून माझ्या हातात आणि सीटमधून पाठीत शिरत होता. रांग थांबत थांबत चालली होती. काटा वर गेला. मी बटण दाबलं, लाल दिवा लागला. निश्चिंत होऊन मी समोरच्या ट्रॉलीमागचे फुलांचे हार बघत बसले.

एकाएकी तो ठोका थांबला. समोरच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर उडी मारून खाली उतरला आणि आपल्या इंजिनाकडे जाता जाता माझ्याकडे बघून त्याने दोन्ही हात हवेत नाचवले. माझ्या बॉनेटच्या फटींतून वाफ येत होती. मी गाडी बंद केली आणि घाईघाईने एक मशीन कानात खुपसलं.

‘‘आवं मावशी, वाफ निगालीया गाडीतनं!’’

‘‘पण दिवा लागलाय ना! पंखा चालू आहे.’’

‘‘दिवा लागलाय, पर पंखा कुटं फिरतोय? बगा की वाकून.’’

पंखा खरंच फिरत नव्हता. दोन दिवसांत दुसऱ्यांदा. मला रडूच कोसळायचं, पण त्याआधी कुतूहल आडवं आलं. मी त्याला विचारलं, तुमची गाणी का थांबली?

‘‘गाणी थांबली म्हंजी ट्रॅक्टर तापला,’’ तो पुढच्या जाळीत अडकलेलं पाचट (उसाचा वाळका पाला) मुठीमुठीने उपसत म्हणाला. ‘‘येवढ्या आवाजात इंजान कुनाला ऐकू येतंय? म्हनून आमच्या हणमंतरावानं वायरिंगच तसं केलंय. पानी तापलं की गाणी बंद. मग डायवर आपोआप खाली उतरतो.’’

मी जागच्या जागी थक्क झाले. ज्या गोष्टीपायी माझी गाडी विकायला निघाली होती, तिच्यावर इथे आख्ख्या हंगामाने तोड काढलेली होती. मी म्हटलं, ‘‘मला त्या हणमंतरावांकडे न्या.’’

दत्ता नावाच्या त्या ड्रायव्हरने फोन लावला. गाडी निवल्यावर त्याने सांगितलेल्या वाटेने मी पेठ नाक्याच्या अलीकडच्या एका पत्र्याच्या शेडपाशी पोचले. शेजारी गुऱ्हाळ चालू होतं आणि सगळा परिसर गोड वाफेने भरलेला. हणमंतराव फौजेत गाड्यांचं वायरिंग करून आलेले, मिशा पिळदार, आवाज खणखणीत आणि स्वतःबद्दलचं मत फार चांगलं. ‘‘ह्या पट्ट्यात माज्यासारकं वायरिंग कोन करत न्हाई,’’ हे त्यांनी नमस्काराच्या आधीच सांगून टाकलं.

मी माझ्या कानांचं सांगितलं. नेहमी हे सांगितलं की समोरचा चेहरा पाडतो आणि शब्द फोडून फोडून बोलायला लागतो. हणमंतरावांनी साधी भुवईसुद्धा हलवली नाही.

‘‘मग त्यात काय! हितं कुनाला ऐकाय येतंय? डायवरला इंजान ऐकू येत न्हाई, मागली गाडी ऐकू येत न्हाई, आन बायकूचा फोन तर न्हाईच न्हाई. मलाबी आता कमीच येतंय, समदी स्पीकरं मीच लावतो न्हवं. तुमी गाणी कंची लावता?’’

‘‘मी गाणी लावतच नाही.’’

या उत्तराने मात्र ते अडले. ‘‘गाणी न्हाईत? मग बंद काय करू?’’

त्यांनी मिशी ओढली. मग त्यांनी डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि साताऱ्याचं काम बघून नाक मुरडलं. ‘‘ह्यो दिवा बटणाचा हाय. तुमी बटण दाबलं, येवढंच त्यो सांगतो. फुडं पंख्यानं काय केलं त्येला काय ठावं?’’ पंख्याजवळचा प्लग तापून वितळला होता. वीज बटणापर्यंत आणि दिव्यापर्यंत येत होती, पंख्यापर्यंत जात नव्हती. मी दोन दिवस एका थापाड्या दिव्यावर विश्वास टाकला होता.

मी म्हटलं, ‘‘मला दोन दिवे द्या. पाणी तापलं की लाल, आणि पंखा खरोखर चालला तरच हिरवा.’’ त्यांना हे एकदम पटलं. निदान आपल्यालाच सुचल्यासारखी त्यांनी मान डोलावली. दारावरच्या चोरघंटेत असते तसली काचेची एक बारीक नळी त्यांनी काढली आणि पंख्याकडे जाणारी तार तिच्याभोवती गुंडाळली. तारेतून वीज धावली की नळीच्या आतली दोन पाती एकमेकींना चिकटतात आणि हिरवा दिवा लागतो. तार कुठेही तुटली, प्लग निघाला, फ्यूज उडाला, की दिवा विझतो. लाल दिवा त्यांनी गाणी बंद करण्याच्या वायरिंगसारखाच काट्याच्या तारेवर जोडला आणि दोन्ही दिवे काचेजवळ, थेट माझ्या नजरेसमोर बसवले. काम चाललं होतं तोवर गुऱ्हाळावरून गरम काकवी (पातळ गूळ) आणि भाकरी आली. मी वाटीभर काकवी खाल्ली आणि नळीचं चित्र मनात गिरवत राहिले.

पंख्याचा नवा प्लग मी स्वतः काढून पाहिला. हिरवा विझला. लावला, लागला. पुन्हा काढला, पुन्हा लावला.

‘‘पुरं करा मावशी,’’ हणमंतराव म्हणाले, ‘‘मास्तरीण हुता का तुमी?’’

‘‘होय. गणित शिकवत होते.’’

‘‘तरीच! आता एक ध्येनात ठेवा. पंखा कवातरी बंद पडनारच, मी केलेला असला तरी. तवा तुमाला कळलं पायजे, येवढंच माजं काम.’’

सांगलीत शिरताना हळदीचा वास आला. निखिल दारातच उभा होता. मशीनं कानात घालेपर्यंत त्याने धीर धरला.

‘‘तापली का?’’

‘‘दोनदा.’’

तो जिंकल्यासारखा दिसला नाही, उलट त्याचा चेहराच उतरला. ‘‘आई, मला तुझी गाडी काढून घ्यायची हौस आहे का? एखाद्या दिवशी घाटात पेटली तर?’’ गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होतं. मी म्हटलं, ‘‘ठरलं ते ठरलं. पण त्याआधी माझ्याबरोबर एक चक्कर मार.’’ सून, अनघा, त्याच्याकडे बघत राहिली. शेवटी तो हो म्हणाला.

सकाळी आम्ही निघालो. बाजारात हळदीच्या पोत्यांच्या गाड्या, रिक्षा, दुचाक्या यांची नेहमीची कोंडी. कृष्णेच्या पुलाच्या तोंडाशी सगळंच थांबलं. लाल दिवा लागला, मी बटण दाबलं, हिरवा लागला. मी निखिलकडे ऐटीत पाहिलं. आणि तेवढ्यात हिरवा विझला.

मी इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली आणि बंद करायला हात नेला. निखिलने माझा हात धरला. त्याचे ओठ मला तो शाळेत असल्यापासून वाचता येतात.

‘‘बंद नको करू. पंखा फिरतोय की! मला ऐकू येतोय.’’

मी गाडी बंद केली आणि बॉनेट उघडलं. इंजिन बंद असलं तरी बटणावर पंखा फिरतो, पण तो स्तब्ध होता. निखिल वाकला, मग त्याने मागे वळून बघितलं. शेजारी एक ट्रक उभा होता आणि त्याचा पंखा जोरात घरघरत होता, असं त्याने मला नंतर सांगितलं. पंख्याचा प्लग अर्धवट बाहेर आला होता. तो काल शेवटचा मीच लावला होता, हे सांगायची मला काही गरज वाटली नाही. मी तो खट्कन आत दाबला, गाडी चालू केली, आणि हिरवा दिवा लागला. काटा अजून तांबड्या रेघेच्या बराच खाली होता.

निखिल आत येऊन बसला. मग माझ्याकडे तोंड करून, मला नीट वाचता यावं म्हणून सावकाश म्हणाला, ‘‘मी चालवत असतो तर आज इंजिन गेलं असतं.’’ त्याने फोन काढून गिऱ्हाइकाला काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते पाठमोरा असल्यामुळे मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

परतायच्या दिवशी पहाटे मी गाडीत सामान ठेवत होते, तर निखिल एक बॅग घेऊन आला. अनघाची. ती शिरवळच्या एका कंपनीत आहे. आठवडाभर तिथे राहते आणि दर सोमवारी पहाटेच्या बसने जाते. निखिलने बॅग मागच्या सीटवर ठेवली आणि म्हणाला, ‘‘हिला शिरवळला सोडशील ना गं?’’ मी मान हलवली आणि उगाच पुढची काच पुसली, जी स्वच्छच होती.

पेठ नाका मागे पडला तरी अनघा काहीबाही बोलतच होती. मला एक अक्षर ऐकू आलं नाही आणि तिलाही त्याची तमा नव्हती. मला वाटत होतं की माणसं भरवसा ठेवतात ते आपण कधी चुकत नाही म्हणून. या प्रवासात माझी गाडी तीनदा गडबडली आणि तरी माझ्या शेजारची सीट भरली, ती तिसऱ्या वेळी बिघाड मला वेळेवर कळला म्हणून. हणमंतरावांना हे सांगितलं असतं, तर त्यांनी अर्थातच ते सगळं स्वतःच्या खात्यावर जमा केलं असतं.

कराडच्या पुढे रस्ता मोकळा झाला. अनघाचे हातवारे थांबले म्हणून मी आरशातून नजर काढून शेजारी पाहिलं. तिची मान खिडकीकडे कलली होती, तोंड किंचित उघडं होतं, आणि माझ्या गाडीत ती गाढ झोपली होती.