फोनवर दिलेली खोली
सालेकसा स्टेशनाजवळच्या लॉजवर नीला रामटेके आठ वर्षांपूर्वी चादरी धुवायला लागली. माहेर केशोरीचं, शिक्षण दहावीपर्यंत, नवरा शालिकराम राईस मिलमध्ये हमाल. तिचं अक्षर नेटकं आणि बोलणं खणखणीत, म्हणून मालक गोवर्धनसेठनी तिला हळूहळू काउंटरवर बसवलं. ते स्वतः गोंदियात राहत. कुणाचा फोन आला की नीला रजिस्टरात नाव लिहायची आणि सांगायची, "या तुमी. खोली तुमचीच हाये." ती खोली मग दुसऱ्या कुणाला मिळत नसे. लोक तिला ओळखायचे ते एवढ्यासाठीच.

मागच्या हिवाळ्यात सेठनी लॉज एका बुकिंगच्या वेबसाइटवर टाकला. खोल्या नऊ, वेबसाइटवरही नऊच. फोनवर खोली दिली की ती मोबाइलवरून वेबसाइटवर बंद करायची, हे नवं काम नीलाच्या मागे लागलं. रुख्मिणीबाईंचा फोन आला त्या दिवशी रेंज नव्हती. नीलानं नाव लिहून घेतलं, बंद करायचं मात्र राहून गेलं.

रुख्मिणीबाई छत्तीसगडातल्या, गोंड समाजातल्या. माघात गोंडांच्या देवस्थानाला, जवळच्या कचारगडच्या यात्रेला दरवर्षी येत आणि गुडघे दुखतात म्हणून मुक्काम लॉजवर करत.

यात्रेच्या शनिवारी सकाळी मोबाइल वाजला. वेबसाइटवरून एक खोली गेली होती. दोन माणसं, पैसे आधीच भरलेले, नाव टीना. पाहुण्याचा नंबर वेबसाइटनं झाकून ठेवलेला. नीलानं रजिस्टर उघडलं. खोल्या नऊ, पाहुणे दहा.

तिनं वेबसाइटच्या ऑफिसला फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं, मग एक मुलगी हिंदीत म्हणाली की रद्द केलंत तर दंड लागेल. नीला पायरीवर आली, आत गेली, पुन्हा बाहेर आली. समोरच्या लॉजवर विचारलं, तिथंही जागा नव्हती. चहा केला आणि तसाच गार होऊ दिला. शेवटी तिनं सेठना फोन केला.

"फोनवालीला मना कर," सेठ म्हणाले. "वेबसाइटवाला खराब लिहील, सारी दुनिया वाचेल. म्हातारी कुठं लिहिणार आहे?"

"मी शबद देल्ला हाये तिले, सेठ."

"चूक कोणाची? बंद कोणी नाही केलं?"

नीलानं फोन ठेवला. दुपारी बारा वाजता तिनं रुख्मिणीबाईंना फोन लावला. मागून गाडीचा खडखडाट ऐकू येत होता. नीलानं एका दमात सगळं सांगून टाकलं.

"अच्छा," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "ठीक है बेटी." आणि फोन बंद झाला.

त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. नीलाला जेवण गेलं नाही. प्रत्येक गाडीच्या आवाजासरशी ती उठून रस्त्याकडे बघायची आणि परत बसायची.

चारच्या सुमारास एक तरुण मुलगी पाठीवर बॅग घेऊन आली. तिनं मोबाइल पुढं केला. "मी टीना. बुकिंग आहे. आजी पोचली का?"

"कोण आजी?"

"रुख्मिणीबाई. दरवर्षी येते ना तुमच्याकडे? मी नागपूरला नर्स आहे, यंदा सुट्टी मिळाली. आजी नुसतं फोनवर बोलते, हातात कागद काही नसतो. म्हणून मी खोली पक्की केली. तिला सांगितलं नाही, म्हटलं इथंच भेटू."

नीलानं रजिस्टरातलं आजीचं नाव दाखवलं. "मी नाही म्हनलं वं तिले," ती म्हणाली. "तुयाचसाठी नाही म्हनलं."

रुख्मिणीबाईंचा फोन लागेना. नीलानं काउंटर सफाईवाल्या अंजूच्या हवाली केलं, टीनाला स्कूटीवर मागे बसवलं आणि कचारगडकडे जाणारा दरेकसाचा रस्ता धरला. रस्ताभर पिवळे झेंडे लावलेल्या जीपा, ट्रॅक्टर, पायी चालणारी माणसं. स्कूटी मुंगीच्या चालीनं सरकत होती आणि नीला हॉर्नवरचं बोट काढत नव्हती.

रुख्मिणीबाई सापडल्या त्या एका ताडपत्रीखाली, गावच्या बायकांबरोबर तांदूळ निवडताना. पाय लांब करून बसल्या होत्या. नातीला बघून त्या उठायला गेल्या, गुडघा धरून परत बसल्या आणि तिचे गाल कुरवाळत राहिल्या. नीलाकडे त्यांनी मागाहून बघितलं.

"चला," नीला म्हणाली. "खोली तुमचीच हाये. चूक माही झाली."

"अब नहीं आती," त्या शांतपणे म्हणाल्या. "तूने ना बोला, तो इन्होंने जगह दी. अब इनको ना बोलूँ क्या?"

टीनाही आजीजवळच राहिली. नीला एकटी परतली. सेठनी ज्या खोलीसाठी म्हातारीला मना करायला लावलं होतं, ती यात्रेच्या गर्दीत रिकामी पडली.

सोमवारी सेठ हिशोबाला आले तेव्हा नीला उभ्यानंच बोलली, "यात्रेत दोन खोल्या वेबसाइटवर ठेवाच्या नाही. फोनवाल्यायसाठी राहू द्या. नाही तं काउंटरले दुसरी बाई पाहा."

सेठ कुरकुरले. वेबसाइटमुळे एरवीच्या दिवसांत गिऱ्हाईक वाढलं होतं, हे नीलालाही नाकारता येत नव्हतं. शेवटी ते एका खोलीला तयार झाले.

यंदा यात्रेच्या महिनाभर आधी नीलानं आपणहून रुख्मिणीबाईंना फोन केला. लॉजवरची नीला म्हणून ओळख सांगितली.

"कमरा देगी ना?" पलीकडून प्रश्न आला. "नहीं देना हो तो अभी बोल दे. गाड़ी में बैठने के बाद मत बोलना."

"देते," नीला म्हणाली. "गाडीत बसल्यावर माहा फोन आला, तं तो मी स्टेशनावर घ्याले आली हे सांगाले रायल."

रुख्मिणीबाईंनी गाडीची वेळ सांगितली.