दादाचं कशावरून

माझ्या थोरल्या भावाला गाड्यांच्या धंद्यातले सगळे ‘कशावरून’ म्हणतात, तोंडावरसुद्धा. गिऱ्हाईक म्हणालं, “गाडी एकदम ओरिजिनल आहे, कुणी हात लावलेला नाही,” की दादा चष्म्यावरून बघत विचारणार, “कशावरून?” वहिनीने लग्नाआधी ‘तू मला आवडतोस’ असं सांगितलं, तेव्हाही त्याने हेच विचारलं होतं म्हणे. ते ती अजून ऐकवते.

बाबांच्या वेळी हे काम कानाचं होतं. कार्ब्युरेटरचा स्क्रू जरासा फिरवायचा आणि ऐकायचं. आताच्या वेगवान गाड्यांत स्क्रू नाही. इंजिनाचा कॉम्प्युटर असतो, ॲल्युमिनियमचा चपटा डबा, आणि कंपनी त्याला आतून कुलूप घालून पाठवते. पेट्रोल किती, ठिणगी कधी, टर्बोने हवा किती दाबायची, हे सगळे आकडे त्या कुलपाआड. दादा कुलूप उघडतो, आकडे बदलतो, परत भरतो. मी गाडी रोलरवर पट्ट्यांनी बांधते, जागच्या जागी पळवते आणि इंजिन कुठे कुरकुरतं ते त्याला सांगते. बाबांचा कान माझ्याकडे आला आणि संशय दादाकडे, अशी आमची वाटणी.

या कामात संशयी माणूसच टिकतो, हे मीही मान्य करते. आकडे भरताना बॅटरीने मध्येच मान टाकली, तर तो महागडा डबा फक्त कागद उडू नयेत म्हणून वर ठेवायच्या कामाचा उरतो. म्हणून दादा बॅटरी मोजतो, मग मोजणारं मीटर दुसऱ्या मीटरने मोजतो. मी हसायचे. तो संशय एक दिवस माझ्याकडे वळेल, असं डोक्यातही आलं नव्हतं.

त्या दिवशी एक दंतवैद्य बाई आपली निळी गाडी घेऊन आल्या. दुसऱ्याच कुणाकडून आकडे बदलून घेतले होते आणि तेव्हापासून चढावर इंजिन खडखडत होतं. दादाने स्टीअरिंगखालच्या सॉकेटमधून जेवढे आकडे दिसतात तेवढे काढले. बघता बघता त्याचा चेहरा उतरला.

“हे माझे आकडे आहेत,” तो म्हणाला.

“कशावरून?” मी गमतीत विचारलं.

तो हसला नाही. तक्त्यात एके ठिकाणी तो ठिणगी नेहमी एक पायरी उशिरा ठेवतो. गरज नसते, पण भीतीपोटी ठेवतो. ती पायरी तिथे जशीच्या तशी होती. दुसऱ्या गाडीसाठी केलेली त्याची फाइल कुणीतरी उचलून या गाडीत कोंबली होती. म्हणूनच इंजिन खडखडत होतं.

डबा उघडून आतलं सगळं वाचायला बाईंची परवानगी लागणार होती. त्यांनी ती दिली आणि गाडी ठेवून गेल्या. दादा म्हणाला, “उद्या उघडू.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “तुझा लॅपटॉप आज इथेच राहू दे.”

“का?”

“राहू दे म्हटलं ना.”

खोदून खोदून विचारल्यावर बोलला. प्रत्येक फाइलच्या शेवटी रिकामी जागा असते, इंजिन तिथे कधी बघत नाही. गेली कित्येक वर्षं दादा त्या जागेत एक शब्द लिहीत होता. माझ्याकडे येणाऱ्या फाइलींत ‘चिमी’, माझं लहानपणचं नाव. घरी वहिनीकडे जपून ठेवलेल्या कॉपीत ‘घर’. स्वतःच्या कॉपीत ‘मी’. फाइल बाहेर गेलीच, तर कुणाच्या हातून गेली ते कळावं म्हणून.

“म्हणजे मी चोर?”

“तसं कुठे म्हटलं? उद्या कळेल.”

लहानपणी चिंचा देऊन ज्या नावाने हाक मारायचा, त्याच नावाचा त्याने सापळा केला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लॅपटॉप टेबलावर आपटला आणि निघाले. ‘चिमी’ निघालं तर या गॅरेजात पुन्हा पाऊल टाकता येणार नाही, हे त्याने सांगायची गरज नव्हती.

घरी आले तरी चैन पडेना. मी फाइल कुणाला दिलेली नव्हती. पण लॅपटॉप मध्यंतरी दुरुस्तीला टाकला होता. नवऱ्याने त्यावर एकदा मॅच बघितली होती. जेवताना मी त्याला विचारलं, “तू माझ्या लॅपटॉपमधलं काही उघडलं होतंस का रे? नीट आठव.”

त्याचा घास हातातच राहिला. “तूही सुरू झालीस का?” तो म्हणाला.

विचार मात्र काही थांबेना.

सकाळी दादाने डब्याच्या कडेचा गोंद गरम हवेने सैल केला, झाकण सोडवलं, बारीक सुया आतल्या सर्किटच्या पट्टीवर टेकवल्या. आधी दोन्ही मीटर लावून वीज तपासली. मी समोरच उभी होते.

“माझ्यासमोर वाच,” मी म्हणाले.

फाइल पूर्ण उतरली. तो सरकत सरकत शेवटच्या रिकाम्या जागेशी आला आणि थांबला. मी वाकून बघितलं. तिथे लिहिलं होतं, ‘मी’.

दादा खुर्चीत मागे टेकला. मग हळूच म्हणाला, “सर.”

हे सर म्हणजे फोनवरचा एक आवाज. दादा अडला की स्वतःची कॉपी त्यांनाच पाठवायचा, ते तपासून ‘ठीक आहे’ म्हणायचे. कधी भेट नाही, चेहरा माहीत नाही. दादाच्या तोंडी मात्र सारखं सर असं म्हणाले, सर तसं म्हणाले. त्याने लगेच फोन लावला. वाजत राहिला. दुसऱ्यांदा बंदच लागला.

“त्यांना कधी ‘कशावरून’ विचारलंस?” मी म्हणाले.

“ते फार कमी बोलायचे,” दादा म्हणाला. “हुशार वाटायचे.”

मला हसूही आलं आणि रडूही. सख्ख्या बहिणीवर सापळा आणि एका आवाजापुढे सगळी दारं सताड उघडी.

त्याने बाईंच्या गाडीला मूळचे आकडे भरून दिले, झालेलं सगळं सांगितलं आणि माफी मागितली. मी आठवडाभर गेले नाही. मग वहिनीचा फोन आला की तो बॅटऱ्यासुद्धा एकदाच मोजतोय. मला काळजी वाटली, म्हणून गेले.

एक गाडी रोलरवर आधीच बांधलेली होती, पट्ट्या चुकीच्या. दादाने फाइल माझ्या लॅपटॉपवर टाकली. “यात खूण नाही,” तो म्हणाला. “माझा विश्वास आहे तुझ्यावर.”

“कशावरून?”

तो चष्मा पुसत आत निघून गेला. त्याला दुखवल्याचं मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही.

मी पट्ट्या सोडून पुन्हा बांधल्या. इंजिन सुरू करायच्या आधी दाराकडे एकदा बघितलं, फाइल उघडली आणि सरकत सरकत शेवटापर्यंत गेले. जागा खरंच रिकामी होती. लॅपटॉप मिटताना वर बघितलं, तर दादा चहाचे दोन कप घेऊन दारात उभा होता.