इथं मी डॉक्टर नाही

पहिल्या भेटीत वर्षाताईने माझा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंग स्टेशनच्या फलाटावर मी दोन बॅगा घेऊन उभी होते. नर्सिंग शिकायला चिंचवडहून आले होते, आणि तिच्या युनिटमधली, म्हणजे फ्लॅटमधली, रिकामी खोली फोनवरच ठरवली होती. तिची दोन बोटं माझ्या मनगटावर सरकली, नजर रुळांपलीकडे कुठेतरी स्थिर झाली आणि तिने विचारलं, "पळत आलीस का गं?" मी तर ट्रेनमधून नुसती उतरले होते. "मग थायरॉइड तपासून घे. भ्यायचं काही नाही, पण घे." महिनाभराने रिपोर्ट आला तेव्हा तिचं म्हणणं खरं निघालं.

ही गोष्ट मी मराठी मंडळींच्या एका जेवणात सांगितली आणि मग पस्तावले. त्यानंतर ती कुठेही गेली की कोणी ना कोणी ताट हातात धरून तिच्या शेजारी येऊन बसायचं. "ताई, जरा बघा ना, छातीत जळजळतं." ती ऐकून घ्यायची, पूर्ण ऐकून घ्यायची, आणि मग तिचं ठरलेलं वाक्य यायचं, "इथं मी डॉक्टर नाही. तुमच्या जीपीला दाखवा." मात्र जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला, नेमकं काय सांगायचं, कोणती तपासणी मागायची, हे ती त्यांच्या फोनमध्ये स्वतः टाइप करून द्यायची.

तिकडे ती अकरा वर्षं डॉक्टर होती. उदगीरजवळच्या सरकारी रुग्णालयात तिने साप चावलेल्यांपासून अडलेल्या बाळंतिणींपर्यंत सगळं पाहिलं होतं. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आणि वस्तीतली ती पहिली डॉक्टर. नवऱ्याला इथला व्हिसा मिळाला म्हणून तिघं आली. त्याला त्याच्या कामाची नोकरी लागेना, तेव्हा तो मुलीला घेऊन पुण्याला परतला. ताईने तोवर परदेशी डॉक्टरांसाठीच्या इथल्या दोन्ही परीक्षा पास केल्या होत्या. "एक वर्ष बघ, नोकरी मिळाली तर आम्ही येतो," असं ठरलं. मी तिच्याकडे राहायला गेले तेव्हा त्या एका वर्षाची तीन झाली होती.

परीक्षा पास झालं की हॉस्पिटलात जागा मिळते, असं तिकडे सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. प्रत्येक हॉस्पिटलकडे वेगळा अर्ज करायचा, आणि प्रत्येक अर्जात एक रकाना असतो: शेवटचा रुग्ण कधी तपासलात? नोकरी नाही म्हणून रुग्ण नाहीत, रुग्ण नाहीत म्हणून नोकरी नाही. दर महिन्याला तो रकाना जड होत होता. नकाराचे ईमेल ती मला मोठ्याने वाचून दाखवायची, बातम्या सांगाव्यात तशा सपाट आवाजात. वाचून झालं की उठून शेगडी घासायची. आमची शेगडी त्या वर्षी कायम चकचकीत होती.

बोलताना तिचे हात रिकामे नसायचे. ड्रॉवरच्या मुठीला दोरा अडकवून ती टाक्यांच्या गाठी मारत बसायची, न बघता, एकामागून एक. मी हसले की म्हणायची, "हात विसरतात गं. डोकं विसरलं तर पुस्तक आहे. हातांना पुस्तक नसतंय." जून, म्हणजे इथला हिवाळा, लागला, समुद्राकडून बोचरा वारा सुरू झाला, आणि एके दिवशी माझ्या लक्षात आलं की मुठीला कितीतरी दिवसांत दोरा नाही. पुस्तकंही टेबलावरून पलंगाखाली गेली होती. उदगीरहून वडिलांचा फोन आला की ती बाल्कनीत जायची. काच लावून घ्यायची, तरी शब्द कळायचे. "होय बाबा, ड्यूटीवरच निघाले. होय, पेशंट लई असतात."

ड्यूटी होती, पण वृद्धांच्या केअर होममध्ये केअररची, म्हणजे सेवा करणाऱ्या मदतनिसाची. म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची, भरवायचं, चादरी बदलायच्या. त्या कामाची तिला लाज नव्हती. तिला त्रास व्हायचा तो समोर आजार दिसत असूनही गप्प राहण्याचा. एकदा एका आजींचे पाय सुजलेले पाहून तिने त्यांच्या मुलाला सांगितलं की ही सूज त्या नव्या गोळीची असेल, डॉक्टरांना विचारा. गोळी बदलली, सूज उतरली. आणि ताईला लेखी ताकीद मिळाली: केअररने औषधांबद्दल नातेवाइकांशी बोलू नये. पुन्हा असं घडलं तर नोकरी जाईल, आणि पुढच्या नोकरीसाठी कोणी तिची चौकशी केली तर हे कळवावं लागेल. ते पत्र तिने घडी घालून पासपोर्टमध्ये ठेवलं. त्यानंतर ती कामावर मान खाली घालून वावरायला लागली.

त्याच होममध्ये कीथ नावाचे गृहस्थ होते. आयुष्यभर पोर्ट केम्बलाच्या पोलाद कारखान्यात काम केलेले, ऐकायला कमी आणि बोलायला फार. ते एकटेच तिला 'डॉक' म्हणायचे. "ती नोकरी मिळाली का, डॉक?" हा त्यांचा रोजचा प्रश्न.

ऑगस्टमध्ये किनाऱ्यापासून दूर, आतल्या भागातल्या एका लहान हॉस्पिटलने तिला इंटरव्ह्यूला बोलावलं. इतक्या वर्षांतलं पहिलं बोलावणं. इंटरव्ह्यू गुरुवारी, व्हिडिओवर. मी प्रश्न विचारायचे, ती उत्तरं द्यायची. पुस्तकं पलंगाखालून बाहेर आली. घरात खूप दिवसांनी फोडणीचा वास आला.

त्याआधीच्या रविवारी ती सकाळची शिफ्ट करून दुपारी साडेतीनला घरी आली आणि बूट न काढताच खुर्चीत बसली.

"कीथ शुक्रवारी बाथरूममध्ये पडले," ती म्हणाली. "डोक्याला लागलं नाही, असं त्यांनी नर्सला सांगितलं. मला आज सांगितलं की आपटलं होतं. हॉस्पिटलात न्यायला नको म्हणून लपवलं म्हणे."

"मग?"

"रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत त्यांना. आज दुपारी झोपेतच होते. डाव्या हातातून कप निसटला, दोनदा. माझं नाव घ्यायला वेळ लागला."

"नर्सला सांगितलंस ना?"

"सांगितलं. ती म्हणाली, मला तर ते डोक्याला लागलं नाही असंच सांगतात, लघवीचं इन्फेक्शन असेल, उद्या डॉक्टर येणारच आहेत. मी परत सांगायला गेले तर म्हणाली, वर्षा, तू इथं केअरर आहेस." ताईने फोन टेबलावर ठेवला. "ॲम्ब्युलन्स कोणीही बोलावू शकतं. मीसुद्धा. आत्ता, इथून." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "करू का?"

मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. डोक्यात रक्तस्राव म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. पण मला दिसत होतं ते पासपोर्टमधलं पत्र, आणि गुरुवार.

"नको ताई," मी म्हणाले. "तुझी शिफ्ट संपली. तू सांगितलंयस. उद्या डॉक्टर बघतील."

तिने फोन पालथा ठेवला. बाहेर शेजाऱ्यांचं बार्बेक्यू चाललं होतं, कोणीतरी जोरजोरात हसत होतं. मग तिने बूट काढले आणि शेगडी घासायला घेतली. शेगडी स्वच्छच होती.

कीथ संध्याकाळच्या जेवणाला उठले नाहीत. तेव्हा त्यांना हॉस्पिटलात नेलं. मंगळवारी ते गेले. मेंदूवर रक्त साचलं होतं, हळूहळू, दोन दिवस.

बुधवारी ताई होमच्या व्यवस्थापकांकडे गेली आणि कीथ तिला काय म्हणाले, तिने काय पाहिलं, किती वाजता पाहिलं, सगळं लिहून सही करून आली. कोणी मागितलं नव्हतं. येताना पार्किंगमध्ये कीथच्या मुलीला भेटली आणि तिलाही सांगितलं. "काय म्हणाली?" मी विचारलं. "नुसती पर्समध्ये गाडीची चावी शोधत राहिली. चावी हातातच होती तिच्या."

गुरुवारी मी तिच्या बंद दाराबाहेर बसले होते. पहिले प्रश्न छान गेले. मग एका बाईंचा आवाज आला, "रुग्णाच्या जिवाला धोका आहे असं वाटल्यावर तुम्ही काय केलंत, असा एखादा प्रसंग सांगा." या प्रश्नाचं उत्तर आम्ही इतकं घोटलं होतं की मला पाठ होतं. उदगीर, पावसाळा, अडलेली बाळंतीण, बंद पडलेली जीप.

पण ताई म्हणाली, "या रविवारचा सांगते." आणि तिने सगळं सांगितलं. सावकाश, केस मांडावी तसं: वय, औषधं, लक्षणं, वेळ. माझं नाव कुठेही आलं नाही.

"पण तुम्ही तिथे केअरर होतात," एक पुरुषी आवाज म्हणाला. "निर्णय नर्सचा होता."

"हो. पण निदान मी केलं होतं आणि फोन माझ्याकडे होता. मला ही नोकरी हवी होती म्हणून मी तो केला नाही."

सोमवारी ईमेल आला. तो तिने मला वाचून दाखवला नाही. मी विचारलं तेव्हा नकारार्थी मान हलवली आणि पुण्याचं तिकीट शोधायला लागली.

सिडनीच्या विमानतळावर मी तिला सोडायला गेले. रांग पुढे सरकत होती आणि माझ्या तोंडून ते निघालं, तीन आठवडे टाळलेलं. "मीच अडवलं तुला. तू तिथे माझं नाव का नाही घेतलंस?"

"तू काय करायलीस आता, रडायलीस?" ती म्हणाली. "ऐक. तू शिकत होतीस. मी अकरा वर्षं हेच काम केलं होतं. मला माहीत होतं काय होणार ते. तरी तुला विचारलं, कारण मला 'नको' ऐकायचं होतं. तू नसतीस तर दुसऱ्या कोणाला विचारलं असतं." तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ते मी माझ्यासोबत नेते. तू दुसरं काहीतरी शिक त्यातून." मग बॅग उचलून ती आत गेली. मागे वळून पाहण्याची तिची सवय नव्हती.

ती आता उदगीरकडे एका छोट्या दवाखान्यात बसते, असं ऐकते. मुलगी आणि नवरा पुण्यातच आहेत. दिवाळीला ती मेसेज करते, मीही करते. कीथबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही.

मी आता रजिस्टर्ड नर्स आहे, इथेच, दुसऱ्या एका केअर होममध्ये. वीकेंडला सगळा मजला माझ्यावर असतो. कधी एखादी नेपाळी किंवा पंजाबी केअरर दारात येऊन चुळबुळत उभी राहते. तिकडे तीही कोण होती, मी विचारत नाही. "सॉरी सिस्टर, खोली नंबर नऊचे आजोबा आज वेगळे वाटतात. का ते मला सांगता येत नाही." माझ्यासमोर औषधांची ट्रॉली अर्धवट भरलेली असते, दोन फोन वाजत असतात. बहुतेक वेळा आजोबांना काहीच झालेलं नसतं. मी ट्रॉलीला कुलूप लावते, उठते आणि तिला म्हणते, "चल, दाखव."