इतर सूचना

डोंगरावरच्या राखीव रानात पर्यटकांसाठी काय करावं, हे गावाला विचारायला शाळेत बैठक होती. नेहमीचा भटक्या म्हणून मीही गेलो होतो. छापील फॉर्मवर वाहनतळ, स्वच्छतागृह, सेल्फी पॉइंट असे रकाने होते. म्हातारे धोंडूबाबा उठले. "वर देवराईत आम्ही चपला घालून जात नाही," एवढंच बोलून खाली बसले. बैठक घेणाऱ्या वनखात्याच्या साहेबांनी सगळे रकाने पाहिले आणि 'इतर सूचना'मध्ये मनापासून, वळणदार अक्षरात लिहिलं: चप्पल स्टँड हवा.

साहेब वाईट नव्हते. पिढ्यांनी अनवाणी जपलेलं रान कुठल्या रकान्यात मावणार होतं? मलाही सांगता आलं नसतं.

निघताना मी दाराशी बुटांच्या नाड्या बांधत होतो. बाबांनी विचारलं, "लिहून घेतलं ना त्यांनी?"

"घेतलं," मी म्हणालो.